डोंगराचे बारा महिने

श्रावणातल्या एखाद्या रविवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभे राहिले, की सारे शहरच डोंगराकडे निघाले आहे असे वाटते. कोणी म्हैसमाळला निघालेला असतो, कोणी वेरूळला, कोणी कन्नडच्या घाटाकडे. कोणाच्या खांद्याला कॅमेरा असतो, तर बहुतेकांच्या खिशात मोबाईल. सायंकाळी ही मंडळी परततात तेव्हा प्रत्येकाजवळ शे-दोनशे छायाचित्रे जमलेली असतात. आणि त्या साऱ्यांत तोच हिरवा उतार, तोच ढग आणि तोच धबधबा असतो. दसरा-दिवाळी झाली की ही वर्दळ ओसरू लागते. होळीनंतर तर त्या वाटेला सहसा कोणी फिरकत नाही.

आनंदासाठी जाणाऱ्याने आनंद लुटावा, त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. तथापि बारा महिन्यांपैकी दोन महिन्यांची चित्रे काढायची आणि 'हा आमचा डोंगर' म्हणून ती मिरवायची, हे एखाद्या माणसाचे लग्नातले छायाचित्र भिंतीवर टांगून तेच त्याचे चरित्र आहे असे सांगण्यासारखे झाले. चित्र खोटे नसते. परंतु माणूस रोज मुंडावळ्या बांधून हिंडत नाही.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. ज्या डोंगराचे उरलेले महिने कोणी पाहत नाही, तो त्या महिन्यांत ओसाड आणि निरुपयोगी ठरतो. आणि जे निरुपयोगी ठरले, ते फोडताना, खणताना किंवा जाळताना कोणाचा हात अडखळत नाही. माघ-फाल्गुनात पिवळ्या पडलेल्या गवताला मेलेले समजून काडी लावणारा मनुष्य दुष्ट असतोच असे नाही. त्याने त्या गवताचे संपूर्ण वर्ष कधी पाहिलेले नसते, एवढेच.

हा डोंगर आहे तरी कसा? शहराच्या उत्तरेस आणि वायव्येस पसरलेली अजिंठ्याची रांग ही सह्याद्रीचीच एक शाखा होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. कठीण थर आणि ठिसूळ थर असे एकावर एक रचले गेल्यामुळे डोंगराच्या अंगाला पायऱ्यांचा आकार आला. स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरूनच भूशास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. दक्षिणेकडून येणाऱ्याला हा डोंगर फारसा डोंगर वाटतच नाही. शेते, माळ, वस्त्या ओलांडीत तो सौम्य चढाने वर जातो. आणि मग एकाएकी उत्तर टोकाला पायांखालची जमीन संपते, खाली खानदेशाचा सपाट मुलूख दूरवर पसरलेला दिसतो. या माथ्याच्या दक्षिणेस पडलेला पावसाचा थेंब शिवनेतून गोदावरीला मिळतो आणि पूर्वेच्या समुद्राकडे चालू लागतो. दोन हात उत्तरेस पडलेला थेंब गिरणेच्या किंवा वाघूरच्या वाटेने तापीत जातो आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळतो. एवढी मोठी वाटणी या माथ्यावर दर पावसाळ्यात मुकाट्याने होत असते.

डोंगराची ही ठेवणच छायाचित्रकाराला वर्षभर बोलावीत असते. ज्याला केवळ हिरवळ हवी त्याला ते ऐकू येत नाही. परंतु ज्याला उन्हाची चाल कळते त्याला ते चटकन उमगते. या रांगेचा खरा कडा उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तर माध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून अवघा ४७ अंशांच्या आसपास चढतो. त्यामुळे तो प्रचंड कडा त्या दिवसांत आपल्याच सावलीत उभा असतो आणि चित्रात काळा डाग होऊन बसतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. भर दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. तेथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो माध्यान्हीदेखील किंचित उत्तरेस असतो, आणि उगवतो-मावळतो तो तर चांगलाच ईशान्येस व वायव्येस. अंतूर किल्ल्याच्या, गौताळ्याच्या, वेताळवाडीच्या उत्तर अंगाला तिरपे कोवळे ऊन पडते ते याच दिवसांत. त्यातही जूनच्या मध्यानंतर आकाश ढगांनी भरून येते. म्हणजे या डोंगराचा सर्वांत भव्य भाग नीट उजळलेला पाहायचा असेल, तर ज्या दिवसांत कोणी घराबाहेर पडत नाही त्याच दिवसांत भल्या पहाटे निघाले पाहिजे. उकाडा सोसावा लागतो, पाण्याचे दोन तांबे अधिक वाहावे लागतात. पण याला दुसरा मार्ग नाही.

उन्हाळा आणखीही पुष्कळ काही दाखवितो. पाने गळून गेली की खडकाचे थर उघडे पडतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची पट्टी दिसते. एक लाव्हा थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्यंतरी बराच काळ गेला होता, याची ती खूण. अशाच सांध्यांतून पाणी पाझरते. सुतोंड्याच्या किल्ल्यावर खडकात खोदलेली अनेक टाकी आहेत. श्रावणात ती सारीच तुडुंब भरलेली असतात आणि सारखीच सुंदर दिसतात. वैशाखात ज्याच्या तळाशी पाणी टिकून असते, त्याच्या पोटात जिवंत झरा आहे हे ओळखावे. ही माहिती श्रावणातील शंभर चित्रांतून मिळणार नाही. वैशाखातील एका चित्रातून मिळते.

अजिंठ्याच्या लेण्यांचीच गोष्ट पाहावी. वाघूर नदीच्या नालाकृती घळीत ही लेणी कित्येक शतके जवळजवळ विस्मृतीत पडली होती. मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी तेथे पोचला, आणि दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व दिनांक कोरून ठेवला. तो दिनांक आहे २८ एप्रिल १८१९. प्राचीन चित्रांवर आपले नाव कोरण्याची ही हौस निंद्यच म्हटली पाहिजे. परंतु त्या दिनांकाने एक गोष्ट सांगून ठेवली आहे. तो चैत्र-वैशाखाचा, पानगळीनंतरचा काळ होता. ऐन भाद्रपदात तो त्या घळीच्या काठावर उभा राहिला असता, तर वेलींच्या आणि धुक्याच्या पडद्यामागची ती कमान त्याला इतक्या सहज दिसती असे वाटत नाही.

उन्हाळ्यातील डोंगर कुरूप असतो, हाही एक गैरसमजच. फाल्गुनात पळस पेटतो, काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले बसतात. अंजनाच्या झाडाला नवी पालवी फुटते ती हिरवी नव्हे, तांबूस. तिन्हीसांजेच्या उन्हात ती झाडे तांब्याच्या पत्र्याची केल्यासारखी चमकतात. सालईची साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडत असते. पावसाळ्यात हिरव्यात हिरवे मिसळून जाते आणि एक झाड दुसऱ्यापासून ओळखू येत नाही; पानगळीनंतर प्रत्येक झाड आपापल्या अंगकाठीने ओळखू येते. आश्विन-कार्तिकाचे वैभव आणखी निराळे. तेरड्याचा बहर उतरणीला लागतो, कुसळी गवत सोन्याच्या रंगावर येते, देवगिरीच्या परिसरातील टेकड्यांवर सीताफळे डोळे उघडू लागतात, आणि पावसाने धुतलेली हवा इतकी स्वच्छ असते की दूरची रांगही हाताच्या अंतरावर आल्यासारखी भासते.

या डोंगराशी शहराचे नाते केवळ सहलीचे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी हे नगर वसविले, तेव्हा त्याने उत्तरेकडच्या डोंगरांतील भूजल जमिनीखालच्या नळांतून शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ती योजना ओळखली जाते. पाणचक्की फिरली तीही डोंगरातून आणलेल्या पाण्यावरच. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीने. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगावी आहेत. आज शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी मिळते, त्यामुळे डोंगराकडे पाण्याच्या दृष्टीने पाहण्याची सवय सुटली. ज्या उतारावरचे पाणी चारशे वर्षांपूर्वी नगर वसविण्यास पुरले, तो उतार चैत्रात कसा दिसतो हे त्या नगरातील किती रहिवाशांना ठाऊक असेल?

छायाचित्राचे सामर्थ्य कशात आहे, हे समजण्यासाठी याच प्रदेशातील एक हकीकत पुरेशी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याचे काम १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. अजिंठा गावी राहून त्याने जवळजवळ दोन दशके हे काम केले. त्याने तैलरंगात उतरविलेली मोठमोठी चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली. आणि डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेली. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती करविल्या. त्यांतीलही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. एवढ्या माणसांची एवढ्या वर्षांची मेहनत अशी दोनदा राख झाली!

परंतु गिलने कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला होता. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे मोठा खटाटोप असे. काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला आहे तोवरच चित्र घ्यायचे आणि तो वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत शिरून ते उठवायचे. दख्खनच्या उन्हात लेप वाळायला कितीसा वेळ लागणार? तरीही त्याने लेणी टिपली, देवळे टिपली, आणि हा डोंगराळ मुलूखही टिपला. दोन डोळ्यांना दिसणारी किंचित निराळी दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून खोलीचा भास निर्माण करणारी चित्रे तो काढीत असे. अशा शंभर चित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे विवेचन जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने लिहिले. तैलचित्रे एकेकटी होती म्हणून एका रात्रीत नाहीशी झाली. छायाचित्राच्या प्रती निघाल्या, म्हणून ती टिकली. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही वेरूळ आणि दौलताबाद यांची चित्रे घेतली. ही जुनी चित्रे आज पाहताना लेण्यांपेक्षाही कधी कधी लक्ष वेधून घेतो तो त्यांच्या भोवतीचा उतार. झाडी कोठवर होती, दरड कोठे ढासळलेली होती, नदीचे पात्र केवढे होते, ते त्यांत सहजगत्या उतरले आहे. चित्र घेणाऱ्याच्या मनात नसलेली गोष्टही छायाचित्र सांभाळून ठेवते, हा त्याचा मोठा गुण.

ज्या क्रांती चौकातून सहलींची वर्दळ निघते, तेथे पूर्वी काळा चबुतरा होता. १८५७ च्या जूनमध्ये येथील हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील शिपायांनी उठाव केला, तो मोडून काढण्यात आला, आणि अनेकांना मृत्युदंड देण्यात आला. चौकाच्या नावात तीच स्मृती आहे. आज वाहनांच्या गर्दीत उभे राहून त्या दिवशीचे ते ठिकाण डोळ्यांपुढे आणू म्हटले, तर आणता येत नाही. शहराचा चेहरा इतका बदलतो हे आपण गृहीत धरतो. डोंगराचा चेहरा मात्र तसाच राहतो अशी आपली भाबडी समजूत असते. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीने कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा या समजुतीला चांगलाच धक्का बसला. त्या उतारांची आधीच्या पाच-दहा वर्षांतील, एकाच जागेवरून घेतलेली चित्रे हाती असती, तर अभ्यासकांना ती किती मोलाची वाटली असती! घाटात थांबून घेतलेली धबधब्याची छायाचित्रे मात्र हजारोंनी असतील.

आल्प्स पर्वतातील हिमनद्यांच्या बाबतीत हे शहाणपण युरोपातील लोकांना लवकर सुचले. म्यूनिकचा गणिती सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर याने १८८९ च्या सुमारास टायरॉलमधील एका हिमनदीची छायाचित्रांच्या साहाय्याने मोजणी केली. नंतरच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा मोजण्या करून ताडून पाहिले, आणि बर्फ किती मागे हटले ते मोजता आले. आपल्याकडे हिमनद्या नाहीत. पण गवत आहे, झरे आहेत, दरडी आहेत, आणि डोंगराच्या पायथ्याशी चढत चाललेली वस्ती आहे. या सर्वांची मोजदाद याच रीतीने करता येते.

यावर कोणी म्हणेल, छायाचित्रण ही कला आहे. तिला नोंदवहीचे काम का सांगता? या आक्षेपात थोडे तथ्य आहे. एकाच दगडावरून एकाच टेकडीची बारा चित्रे काढणे काहीसे नीरस खरेच. परंतु ज्याने ती बारा काढली आहेत, त्याचे तेरावे चित्र पाहावे. ढग कोणत्या खिंडीतून उतरतात, पहिली उन्हे कोणत्या सोंडेवर पडतात, हे त्याला आता पाठ झालेले असते. म्हैसमाळच्या धुक्यात ताटकळत बसलेल्या पन्नास जणांत धुके केव्हा फाटणार हे ज्याला कळते, तो बहुधा उन्हाळ्यातही तेथे येऊन गेलेला असतो. परिचयाने कला मंदावते असे मानणाऱ्यांनी एखाद्या मेंढपाळाला डोंगराविषयी बोलते करून पाहावे.

मेंढपाळाचा उल्लेख आला, तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गुराखी, मेंढपाळ, तांड्यांवरचे लोक यांनी हा डोंगर बाराही महिने पाहिलेला असतो. प्रत्येक कड्याला, झऱ्याला, खिंडीला त्यांच्या तोंडी नाव असते. शहरातून येणारा त्यांची चित्रे काढतो, नावे विचारीत नाही. नाव, दिनांक, वेळ आणि दिशा लिहिलेली नसेल, तर डोंगराचे चित्र पोरके होते. दहा वर्षांनी ते सह्याद्रीतले की सातपुड्यातले, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. मोबाईलमध्ये वेळ आपोआप नोंदली जाते, हे खरे. झऱ्याचे नाव नोंदले जात नाही.

वर्षभर जाणाऱ्याने वर्षभर उपद्रव द्यावा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. गौताळा-औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे परवानगीनेच जावे, आणि सूर्यास्तानंतर थांबू नये. लेण्यांच्या व कड्यांच्या कपारींत आग्या माश्यांची पोळी असतात. तेथे धूर, आरडाओरड किंवा दगडफेक केली तर प्राणावर बेतते. अजिंठ्याच्या चित्रांपुढे झगझगीत दिवा पाडून छायाचित्र घेण्यास बंदी आहे, ती योग्यच आहे. दीड-दोन हजार वर्षांच्या रंगाला आपल्या घाईची झळ का लागावी? ओल्या कड्याच्या टोकाला पाठ करून स्वतःचेच चित्र घेणाऱ्यांविषयी तर काय बोलावे! ज्या दरीचे चित्र घ्यायचे, तिच्याकडेच ते पाठ फिरवितात.

या उद्योगाला मोठे साहित्य लागत नाही. शहरातील कोणत्याही शाळेच्या विद्यार्थ्यांना तो करता येईल. विद्यापीठाच्या मागील बाजूस गोगाबाबाची टेकडी आहे. शिक्षकांना बरोबर घेऊन तिच्यावर एक पक्का दगड निवडावा, त्यावर खूण न करता त्याचे वर्णन वहीत टिपून ठेवावे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या ठरावीक वेळी, त्याच दगडावरून त्याच दिशेला एक चित्र घ्यावे. उंची तीच, चौकट तीच. जुलैच्या चित्रात बीबी-का-मकबऱ्याचा घुमट पावसाच्या सरीआड अर्धा हरवलेला असेल. ऑक्टोबरात तो लख्ख दिसेल. जानेवारीत शहरावर धुरकट पट्टा तरंगताना दिसेल, आणि तो कोणत्या तासाला विरतो हे वहीत लिहिता येईल. एप्रिलमध्ये शेजारच्या उतारावर वणव्याचा काळा पट्टा असेल किंवा नसेल. असेल तर जूनच्या चित्रात त्या पट्ट्यावर गवत आधी उगवते की उशिरा, हे पाहावे. आणि वर्षाच्या शेवटी पहिले व बारावे चित्र शेजारी शेजारी ठेवून, घरांची कड डोंगराच्या पायथ्याकडे किती बोटे सरकली ते पट्टीने मोजावे.